ओठांवरचं बोलणं

विजयकरबाई वर्गात आल्या की खुर्चीकडे बघायच्याही नाहीत. ज्या मुलाची तपासणी असेल त्याला उठवायच्या, त्याच्या शेजाऱ्याला थोडं सरकायला सांगायच्या आणि आपली चांगली उंचीपुरी काया चौथीच्या बाकात कशीबशी कोंबून तासभर तिथेच बसायच्या. फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायच्या. प्रश्न विचारला तर हातही वर करायच्या. मी तेव्हा नोकरीत नवी होते. मला वाटलं, खात्याने माझ्यावरच चौकशी लावली. त्या घाबरगुंडीत मी ‘सात सक छप्पन्न’ असं ठणकावून सांगितलं, तर मागून तिसऱ्या बाकावरून विजयकरबाईंचा हात वर आला. ‘बाई, बेचाळीस.’ वर्ग हसला. विजयकरबाई हसल्या नाहीत, त्यांनी वहीत बेचाळीस लिहिलं.

त्या एका संस्थेकडून यायच्या. परळ, लालबाग, वरळी या भागातल्या महापालिकेच्या शाळा त्यांच्याकडे होत्या. कुणाला नीट दिसत नाही, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाच्या हातात बळ नाही, अशा मुलांना आपल्या नेहमीच्या शाळेतच टिकून राहायला कोणतं साधन लागेल, ते त्यांनी ठरवायचं आणि संस्थेने द्यायचं. भिंग, कानाचं यंत्र, उतरतं मेज, जाड दांड्याची पेन्सिल, असं काय काय त्यांच्या खाकी पिशवीत असे. ती पिशवी त्यांनी शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतली होती, आणि तिला इतके कप्पे होते की एखादी वस्तू सापडेपर्यंत तपासणीला आलेलं मूल कंटाळून मोकळं बोलायला लागायचं. मला तर संशय आहे की त्या कप्पे त्यासाठीच चुकवायच्या.

त्या गिरगावात फणसवाडीत राहायच्या. बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला, छत्री बारा महिने. बाकी त्यांचं घर, माणसं, शिक्षण याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना त्या ‘अहो’ म्हणायच्या. ‘अहो कदम, जरा ही ओळ वाचता का?’ कदम नावाचा तो शेंबडा जीव आधी मागे वळून बघायचा, की आपले वडील आलेत की काय. मग एकदम ताठ बसून वाचायला लागायचा. आणि त्यांच्यासमोर कुणी ‘बिचारा’ म्हटलं की संपलंच. त्या बोलणं थांबवून खिडकीबाहेर बघत राहायच्या. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा तीन वेळा ‘बिचारा’ म्हटलं आणि बाईंनी खिडकीतून दिसणारं गिरणीचं धुराडं इतका वेळ न्याहाळलं की शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, ‘बरं, बिचारा नाही. पुढे बोला.’

संस्थेने त्यांना चार पानी तक्ता दिला होता. त्यात पहिलाच छापील प्रश्न होता, ‘मुलाचा दोष कोणता?’ प्रत्येक तक्त्यावर बाई तो प्रश्न स्वतःच्या हाताने खोडायच्या आणि वर लिहायच्या, ‘मुलाला काय करायचं आहे?’ उत्तर मुलाकडूनच घ्यायच्या. कुणी सांगायचं, फळ्यावरचं उतरवायचंय. कुणी सांगायचं, कॅरम खेळायचाय. कॅरम तर कॅरम, त्या तेच लिहायच्या. चौथं पान निकालाचं. ते तीन आठवडे कोरं ठेवायचं, असा त्यांचा नेम होता. साधन आधी वापरायला द्यायचं, मूल ते खरंच वापरतं का ते बघायचं, आणि मगच गरज आहे की नाही ते लिहायचं. कदमला फळा दिसत नव्हता. त्याच्या जागेवर तास काढल्यावर बाईंच्या लक्षात आलं की खिडकीचा उजेड फळ्यावर पडून नेमका त्याच कोपऱ्यातून फळा चकाकतो. त्यांनी चौथ्या पानावर लिहिलं, ‘साधन: बाक हलवला.’ संस्थेच्या चिटणीसांनी म्हणे विचारलं, हे कोणत्या रकान्यात धरायचं?

साधन दिल्यावर त्या घरी जायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, ‘घरात हे कुठे ठेवता?’ पोराच्या दप्तरात असेल तर ठीक. कपाटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरी बांधून असेल तर बाईंचा चेहरा पडायचा. आपल्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते, हा त्यांचा कायमचा वैताग. त्या वेळी गिरणी संप सुरू होता. पहिलंच वर्ष. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन वरळीच्या बीडीडी चाळीत एका मुलीच्या घरी गेल्या. मंगल तिचं नाव. तिला वाचायला स्टँडवरचं भिंग दिलं होतं. घरात शिरतो तो देवाच्या फळीखाली पाटावर ते भिंग, त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. बाईंनी तोंड उघडलं, एवढ्यात मंगलचे वडील स्वतःच म्हणाले, ‘दरवर्षी खात्यात मशीनची पूजा करतो बाई. औंदा गेटच बंद. घरात यंत्र म्हणावं असं हे एकच. म्हटलं, दसरा चुकवायचा नाय.’

बाई खाली बसल्या, हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. मग म्हणाल्या, ‘पूजा झाली ना? तुमच्या गिरणीत पूजेनंतर मशीन बंद ठेवत होते का?’ ते म्हणाले, ‘छे! दुसऱ्या पाळीला चालू.’ ‘मग तुमचंही करा चालू.’ बाईंनी माळ काढली, पदराने काचेवरचं कुंकू पुसलं आणि भिंग मंगलच्या हातात दिलं. परतताना जिन्यात मला म्हणाल्या, ‘सावंतबाई, मी आत ओरडायलाच निघाले होते.’ ही बाई आपल्या चुका अशा मोकळेपणाने सांगायची, म्हणून तर मी तिच्यामागे सावलीसारखी फिरत असे.

पण त्यांची सर्वांत मोठी चूक माझ्याच वर्गात झाली, आणि ती निम्मी माझी होती.

वैशाली परब माझ्या चौथीच्या वर्गात होती. मुलगी चुणचुणीत, समोर उभी राहून बोललं की टपोऱ्या डोळ्यांनी बघत सगळं बरोबर सांगायची. पण शुद्धलेखन घातलं की पहिलं वाक्य ठीक आणि पुढे भलतंच काहीतरी. कधी कोरी जागा. घरी तर वेगळंच चाललं होतं. संप लांबलेला, वडिलांचा पगार बंद, खाणारी तोंडं पाच. लालबागमधल्या कितीतरी घरांनी तेव्हा पोरं गावाला धाडली होती. परबांनीही ठरवलं होतं की तिघांतल्या एकाला कणकवलीकडे आजीपाशी ठेवायचं, आणि जे शिकण्यात कच्चं तेच जाणार हे उघड होतं. गावची शाळा डोंगरापलीकडे. गेलेली मुलगी परत शाळेत बसेल याची खात्री नव्हती. मला मनातून वाटत होतं, पोरीच्या कानातच काही असेल तर यंत्र मिळेल आणि ती इथेच राहील. मीच विजयकरबाईंना बोलावलं.

बाई वैशालीच्या जागेवर तासभर बसल्या. मी शुद्धलेखन घातलं. एरवी मी रांगांमधून येरझाऱ्या घालत, पाठ फिरवून, खिडकीशी थांबून वाक्यं सांगायची. त्या दिवशी पाहुण्या बसलेल्या, म्हणून शहाण्यासारखी फळ्यापुढे उभी राहिले आणि एकेक शब्द ठासून सांगितला. बाईंशेजारी अवघडून बसलेल्या वैशालीची एकही चूक झाली नाही. मी खूशसुद्धा झाले.

मग कानांची तपासणी. मूल पाठमोरं बसवायचं, आपण मागे उभं राहून हळू आवाजात शब्द सांगायचे, त्याने ते म्हणायचे. एरवी मुलांबरोबर आया येत आणि कोपऱ्यात गप्प बसत. संपामुळे बाप्ये घरी होते, म्हणून या वेळी आईबरोबर वडीलही आले. परब दाराशी उभे, वैशालीच्या बरोबर समोर. बाई मागून म्हणाल्या, ‘पाटी.’ वैशाली म्हणाली, ‘पाटी.’ ‘दोरा.’ ‘दोरा.’ ‘आंबा.’ ‘आंबा.’ दहाच्या दहा बरोबर. परब बाईंच्या प्रत्येक शब्दाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, पोरगी पास व्हावी म्हणून देवाचं नाव घेतायत.

‘आमचां चेडू भैरा नाय हां बाई,’ वैशालीची आई लेकीचा कैवार घेत म्हणाली. ‘मी हळू बोल्लंय तरी तेका सगळा कळता.’

‘कान बरे आहेत,’ बाई म्हणाल्या.

‘म्हणजे नाटकं करते तर,’ परब म्हणाले आणि वैशालीकडे असं बघितलं की ती खाली मान घालून बसली.

साधन द्यायचंच नव्हतं, मग तीन आठवडे थांबायला कारणही नव्हतं. बाईंनी चौथं पान त्याच दिवशी भरलं. ‘ऐकू येते. यंत्राची गरज नाही.’ संक्रांत झाली आणि वैशाली गावाला गेली. जाताना माझ्या टेबलावर तिळाचा लाडू ठेवून गेली. मी वर्गात नव्हते, नंतर पाहिला.

शिमगा उलटल्यावर एका संध्याकाळी बाई लालबागला आमच्या घरी चहाला आल्या. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी गॅलरी आणि मधे चौक. माझे बाबाही गिरणी कामगार, तेही संपावर. ते कठड्याला टेकून उभे होते आणि चौकापलीकडच्या गॅलरीतल्या गावडेकाकांशी बोलत होते. म्हणजे ओठ हलत होते, मधेच दोन बोटं वर होत होती, गावडेकाका तिकडून मान हलवत होते, हसत होते. आवाज मात्र काही नाही.

‘तुमच्या वडिलांचा घसा बसलाय का?’ बाईंनी विचारलं.

मी हसले. ‘नाही हो. साचेखात्यातलं बोलणं आहे ते. साचे म्हणजे माग. शेकड्याने माग एकदम खडखडतात, तिथे ओरडून काय ऐकू जाणार? सगळे ओठांवरच बोलतात. घरीसुद्धा सवय जात नाही. आम्ही पोरंही त्यातच वाढलो.’

बाईंनी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. त्या उठून बाबांजवळ गेल्या. ‘आणि मागून कुणी हाक मारली तर?’

‘मागचं कसं कळणार?’ बाबा म्हणाले. ‘समोरचा सांगतो ना. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, पाठीमागून काय बोलला तर समोरच्या मागवाल्याने ते ओठांवर आपल्याला सांगायचं. न सांगेल तर हात जाईल एखाद्याचा. सांगावंच लागतं. मग ते आपोआपच होतं बघा, ठरवून नाय.’

बाई वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘परब कुठल्या खात्यात?’

‘साचेखात्यात,’ मी म्हटलं.

‘ते पुटपुटत नव्हते,’ बाई म्हणाल्या. ‘तिला सांगत होते.’

मला जितकी लाज त्या संध्याकाळी वाटली तितकी आयुष्यात पुन्हा वाटली नाही. बाई फणसवाडीच्या, त्यांना साचेखातं ठाऊक नसणारच. मी साचेवाल्याची मुलगी. बाबांना काही सांगायचं तर आधी खांद्याला हात लावायचा आणि मग तोंडासमोर तोंड आणून बोलायचं, हे मी चालायला शिकले तेव्हापासून करत आले. वैशालीच्या घरीही तेच. बहिरी मुलगी त्या घरात दहा वर्षं लपून राहील नाहीतर काय! सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बाई तशाच परबांच्या खोलीवर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परबांचा चेहरा उतरला. ‘मी फसवलं नाय बाई,’ ते म्हणाले. ‘आईशप्पथ, मला म्हाईतच नाय मी बोलत होतो ते.’

‘तुम्ही कशाला फसवाल? मी बघत होते तुमच्याकडे, मला दिसायला हवं होतं,’ बाई म्हणाल्या. ‘उद्याच्या गाडीने गावाला जाऊया. याल ना?’

संस्थेत चिटणीस म्हणाले, ‘नव्याने तपासणी’ असं लिहा, पुरे. बाईंनी जुन्याच तक्त्यात लिहिलं, ‘तपासणी चुकीची झाली. चूक माझी.’ आणि खाली वडिलांच्या ओठांचं सगळं सविस्तर. पुढे ज्याच्या हातात हा तक्ता पडेल त्याने तरी असं करू नये, असं त्यांचं म्हणणं.

गावातलं मला परबांनी नंतर शाळेत येऊन सांगितलं. बाईंनी वैशालीला चिऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं, आजीला आत पाठवलं आणि परबांना थेट खळ्याबाहेर माडापर्यंत पिटाळलं. ‘तिथून पण पाठ करून उभं राहायला लावलं,’ परब म्हणाले. बाई मागून बोलत राहिल्या, आवाज चढवत गेल्या, शेवटी तांब्यावर पळी वाजवली. वैशाली भिंतीवरच्या मुंग्या बघत होती. तिने मान वळवली नाही. परबांना एवढं सांगताना रडू आलं, ते रुमाल शोधायला लागले. मी त्यांना माझा दिला.

बाईंनी छातीशी लावायच्या डबीसारखं यंत्र नेलं होतं, त्याला कापडी खिसा स्वतः शिवला होता. वायर कानाला लावल्याबरोबर माडावरचा कावळा ओरडला. वैशालीने दोन्ही हातांनी वायर उपटून काढली आणि आजीमागे लपली. घरचे घाबरले. बाई मात्र खूश. ‘आवडलं नाही ना? म्हणजे ऐकू आलं.’

जूनमध्ये वैशाली परत आली आणि पुन्हा चौथीतच बसली. बाईंनी तिला एकदा, माझ्यासमोर, स्पष्ट सांगितलं, ‘परब, तुमचं एक वर्ष मी वाया घालवलं.’ वैशाली विचार करून म्हणाली, ‘गावाला काजू खूप खाल्ले बाई.’ बाईंनी तेवढ्यावर स्वतःला सोडलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत त्या मुलाच्या वडिलांना आधी विचारायच्या, ‘कुठल्या खात्यात होतात?’ आणि कुठल्याही खात्याचे असोत, त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. अंगठे धरायला लावल्यासारखे बाप उभे, आणि पोरं त्यांना बघून फिदीफिदी हसतायत, असा तो देखावा असे. संप विरघळला, गिरण्या गेल्या, बाप कुठे वॉचमन झाले, कुठे भाजी विकायला लागले. बाईंचा प्रश्न काही बदलला नाही. पुढेपुढे तर तरुण बाप उलट विचारायचे, ‘खातं म्हणजे?’

बाई निवृत्त झाल्या, माझेही केस पिकायला लागले. वैशाली परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपर लावायच्या कामाला लागली. आता तिच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रं असतात, वायरबियर काही नाही. एक दिवस बाईंचं पत्र आलं. फोन का केला नाही ते पत्रातच होतं. ‘मला हल्ली फोनवर ऐकू येत नाही. माणूस समोर असला तर ओठांवरून भागतं. रविवारी दुपारी यंत्राच्या दुकानातून एक बाई तपासायला येणार आहेत. तुम्ही याल का? परबांनाही आणा. त्यांना यंत्रातलं कळतं.’ परब म्हणजे वैशाली.

फणसवाडीतली ती खोली मी पहिल्यांदाच पाहिली. खाट, एक टेबल, दाराला अडकवलेली खाकी पिशवी. बाई खूप वाळल्या होत्या, पण ताठ. आम्हाला बघून म्हणाल्या, ‘या सावंतबाई. या परब.’ दुकानातल्या बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. वैशाली समोर खाटेवर बसली. मी खिडकीपाशी.

‘मी बोलेन ते म्हणायचं हं आजी,’ त्या बाई पुढे वाकून मोठ्याने म्हणाल्या. मग मागे होऊन हळू आवाजात, ‘केळं.’

विजयकरबाई म्हणाल्या, ‘केळं.’

‘खिडकी.’

‘खिडकी.’

‘चमचा.’

‘चमचा.’

‘अरे वा! आजी, चांगलं ऐकू येतंय की तुम्हाला!’

मी वैशालीकडे बघितलं. ती मागच्या बाईंकडे एकटक बघत होती, तिचा चेहरा काळजीने ओढलेला होता, आणि ओठ हलत होते. तिला ते ठाऊक नव्हतं. विजयकरबाईंना ठाऊक होतं. त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या मायेने कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला टोकलं नाही, भिंतीकडे वळ असंही म्हटलं नाही. त्यांनी आपले डोळे मिटले.

‘पुन्हा घ्या,’ त्या म्हणाल्या.

‘केळं,’ मागून आवाज आला. बाई गप्प. ‘खिडकी.’ बाई गप्प. ‘चमचा.’ खाली वाडीत कुणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज मला ऐकू येत होता.

दुकानातल्या बाई बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघायला लागल्या. विजयकरबाईंनी हात वर केला, चौथीच्या वर्गात केला होता तसाच.

‘लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘ऐकू येत नाही. यंत्राची गरज आहे.’

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. समोर बसलेल्या वैशालीचे ओठ अजून हलत होते.